हळद्याचं पान आणि सत्तावीसशे अक्षरं: शाळकरी मुलांसोबत बायोइन्फर्मेटिक्सची सुरुवात

वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर डीएनएची शिडी काढू नका. मी ती चूक दोन वर्षं केली. मुलांनी आकृती छान उतरवून घेतली, रंगीत पेनांनी रंगवली, आणि तिसऱ्या शनिवारी निम्मी मुलं आलीच नाहीत. पुढच्या वर्षी मी शेजारच्या मळ्यातून हळद्या रोग पडलेल्या भेंडीची दोन पानं घेऊन गेलो आणि विचारलं, "हे कशानं झालं असेल?" खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, औषध चुकलं, बियाणंच खोटं होतं, अशी दहा उत्तरं आली. यातलं कुठलं खरं ते पुढच्या सहा शनिवारांत शोधू, असं ठरलं. त्या वर्षी शेवटच्या शनिवारी बारापैकी अकरा मुलं हजर होती. बारावा मामाच्या लग्नाला गेला होता.

आठवी ते अकरावीच्या मुलांसोबत हे करून पाहायचं आहे, पण स्वतः यातलं कधी काही केलेलं नाही, अशा शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लिहितो आहे. बायोइन्फर्मेटिक्सची व्याख्या एवढीच पुरे: डीएनए, आरएनए आणि प्रथिनं यांची अक्षरं संगणकात साठवायची, एकमेकांशी ताडून पाहायची आणि त्यातून अर्थ लावायचा. तीन-चार मुलांमागे एक संगणक, चालेल इतपत इंटरनेट, गणिताची चौकटीची वही, कात्री आणि डिंक एवढं लागतं. विकत काहीच घ्यावं लागत नाही. संगणक कमी पडले तर बरीचशी कामं मोबाइलच्या ब्राउझरवरही होतात, फक्त डोळ्यांना त्रास होतो.

भेंडीच का

डाळिंबाचा तेल्या घ्यावा, असं सोलापूर-सांगोल्याकडच्या कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तेल्या जिवाणूमुळे होतो आणि त्या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सुमारे पन्नास लाख अक्षरांचा आहे. बटाट्याचा उशिरा येणारा करपा घ्यावा, तर आयर्लंडच्या दुष्काळाला कारण ठरलेल्या त्या रोगकारकाचा जीनोम २००९ साली प्रसिद्ध झाला तो सुमारे २४ कोटी अक्षरांचा. नवशिक्या मुलाला यातलं काही डोळ्यांनी बघता येत नाही. ते पडद्यामागेच राहतं आणि संगणक सांगेल ते ऐकावं लागतं.

भेंडीच्या हळद्याचा विषाणू मात्र सुमारे २,७०० अक्षरांत आटोपतो. अर्ध्या सेंटिमीटरला एक अक्षर लिहिलं तर साडेतेरा मीटरची पट्टी होते, शाळेच्या व्हरांड्यात मावते. त्याच मापाने टोमॅटोचा जीनोम लिहायला बसलात तर पट्टी साडेचार हजार किलोमीटर होईल, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा लांब. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या. टोमॅटोची अक्षरं ९० कोटी धरा.

दुसरं कारण घरचं आहे. या रोगाची पहिली नोंद १९२४ साली कुलकर्णी यांनी केली, ती मुंबई इलाख्यातून. आणि त्याला तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही जात १९८० च्या दशकात आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठातून आली. भेंडीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर करून ती काढली होती. त्याआधीची 'पुसा सावनी' सुरुवातीला या रोगाला दाद देत नसे, पुढे तीही बळी पडू लागली. असं का व्हावं, हा प्रश्न मुलांच्या डोक्यात सोडून द्या. उत्तराची घाई नको.

पहिला शनिवार: मळ्यात

संगणक उघडायचा नाही. मालकाला विचारून भेंडीच्या प्लॉटमध्ये जायचं. पाच ओळी निवडायच्या, प्रत्येक ओळीत वीस झाडं, म्हणजे शंभर. चौकटीच्या वहीत प्रत्येक झाडाला एक चौकट, रोग दिसला तर ती भरायची. शेवटी शेकडा प्रमाण आपोआप मिळतं. शिवाय रोगट झाडं बांधाकडे जास्त आहेत की मध्यभागी, हेही नकाशासारखं समोर येतं.

रोग ओळखायचा कसा? पानाच्या शिरा पिवळ्याधमक होतात आणि मधला भाग हिरवा राहतो, जाळी विणल्यासारखी. पुढे पानच पिवळं पडतं. फळं पिवळट, आखूड आणि निबर होतात. इथे हमखास गोंधळ होतो तो लोहाच्या कमतरतेशी. तिथे चित्र नेमकं उलटं असतं: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. दोन्ही प्रकारची पानं शेजारी ठेवून दाखवता आली तर अर्धा तास भाषण वाचतं.

नावांचा गोंधळही इथेच काढून टाका. आमच्याकडे हळद्या म्हणतात, काही गावांत याच रोगाला केवडा म्हणतात. पण मक्याचा केवडा हा बुरशीसारख्या जीवामुळे होणारा वेगळाच रोग आहे आणि उसावर लोह कमी पडलं तरी लोक केवडाच पडला म्हणतात. एका शब्दाची तीन कारणं. डेटाबेसमध्ये शोधताना शास्त्रीय नाव का लागतं, ते मुलांना यातून न सांगता कळतं.

पानाखाली पांढरी माशी शोधायला लावा. सकाळी लवकर गेलात तर ती सुस्त असते, भर उन्हात पान हलवलं की भुर्रकन उडते. विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हीच नेते. एका झाडाची वरची, मधली आणि खालची अशी तीन पानं उलटून माश्या मोजायच्या, आकडे वहीत. तारीख, गाव, पेरणीची तारीख, जात आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो, एवढं झालं की दिवस संपला.

एक पथ्य पाळा. शेतकऱ्याने "मग काय मारू?" असं विचारलं तर मुलांनी उत्तर द्यायचं नाही. तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे बोट दाखवायचं. आमच्या एका पोराने उत्साहाच्या भरात औषधाचं नाव सांगून टाकलं होतं, ते निस्तरायला मला दोन वेळा त्या वस्तीवर जावं लागलं.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: या पानातला विषाणू आपण शाळेत वाचू शकणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. मीठ, साबण आणि स्पिरिट वापरून डीएनएचे पांढरे धागे काढण्याचा प्रयोग गमतीचा आहे, जरूर करा, पण त्या धाग्यांत बहुतेक सगळा माल भेंडीचाच असतो. आपण वापरणार आहोत ती दुसऱ्या संशोधकांनी वाचलेली आणि जगासाठी खुली ठेवलेली अक्षरं.

दुसरा शनिवार: चौकटीची वही

याही दिवशी संगणक बंद. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

फळ्यावर 'परभणीक्रांती' लिहा, एका चौकटीत एक अक्षर: प, र, भ, णी, क्रां, ती. खालच्या ओळीत तेच नाव एक अक्षर गाळून लिहा: प, भ, णी, क्रां, ती. आता वरखाली किती अक्षरं जुळतात? फक्त पहिलं. सहात एक. मग खालच्या ओळीत 'प' नंतर एक चौकट रिकामी सोडा. आता सहात पाच जुळतात. जुळणी म्हणजे काय आणि त्यात मोकळी जागा का सोडावी लागते, हे एवढ्यात समजतं. 'अलाइनमेंट' हा शब्द त्यानंतर सांगा.

मग ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या वीस-वीस लांबीच्या दोन ओळी द्या. जुळलेली अक्षरं भागिले एकूण लांबी, गुणिले शंभर. रिकामी चौकट लांबीत धरायची का, यावर वाद होईल. होऊ द्या, कारण तज्ज्ञांची साधनंही यावर एकमताने चालत नाहीत, आणि म्हणूनच एकाच जोडीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात. हे आज कागदावर उमगलं तर पाचव्या शनिवारी मुलं गडबडत नाहीत.

जोड्यांचा नियमही आज: ए समोर टी, जी समोर सी. एक ओळ देऊन तिची समोरची ओळ लिहायला सांगा आणि मग ती मागून पुढे वाचायला सांगा. याला लागतो तेवढा वेळ द्या. या विषाणूची काही जनुकं एका धाग्यावर सुलट वाचतात आणि काही समोरच्या धाग्यावर उलट दिशेने. मुलांना हे अंगवळणी पडलं नाही तर पुढे "सर, जनुकच सापडत नाही" ऐकून कान किटतात.

तिसरा शनिवार: फाइल उघडायची

आता संगणक. अमेरिकेतल्या एनसीबीआय या संस्थेचं संकेतस्थळ उघडा. जेनबँक नावाचा साठा तिथे आहे. युरोपातला आणि जपानमधला साठा त्याच्याशी जोडलेला आहे, त्यामुळे एकीकडे जमा झालेलं तिन्हीकडे दिसतं. भारताचं स्वतःचं जैविक माहिती केंद्र फरिदाबादला २०२२ साली सुरू झालं, तेही मुलांना सांगा. खातं उघडायची गरज नाही.

शोधपेटीशेजारच्या यादीतून 'न्यूक्लिओटाइड' निवडा आणि 'भेंडी येलो व्हेन मोझॅक व्हायरस' हे नाव इंग्रजी स्पेलिंगने लिहा. हो, जगाच्या डेटाबेसमध्ये 'भेंडी' हाच शब्द आहे. पोरं खूश होतात. भरपूर नोंदी येतील. त्यातून 'कम्प्लीट' म्हणजे पूर्ण असलेली आणि २,७०० ते २,८०० च्या दरम्यान लांबी असलेली एक निवडा.

नोंद वरून खाली सावकाश वाचा. पहिल्या ओळीत लांबी आणि 'सर्क्युलर' हा शब्द दिसेल, म्हणजे हा डीएनए बांगडीसारखा गोल आहे. पुढे विषाणूचं कूळ. 'बेगोमोव्हायरस' हे नाव आलं 'बीन गोल्डन मोझॅक' या घेवड्याच्या रोगाच्या आद्याक्षरांवरून. त्याचं मोठं कुटुंब 'जेमिनी', म्हणजे आपली मिथुन रास, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण जुळ्या भावंडांसारखे चिकटलेले दिसतात. आणखी खाली यजमान पीक, नमुना गोळा केल्याची तारीख, आणि 'कंट्री' किंवा 'जिओ लोकेशन' अशा ओळीत ठिकाण. काही नोंदींत राज्य आणि गावसुद्धा असतं. काही आळशी नोंदींत नुसतं 'इंडिया' लिहून मोकळे झालेले असतात. पहिल्या शनिवारी मुलांना तारीख आणि गाव का लिहायला लावलं, ते त्यांना आत्ता पटतं.

मग फास्टा प्रकारात फाइल उतरवून घ्या. यात पहिली ओळ नावाची असते, तिच्या सुरुवातीला 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, आणि खाली फक्त अक्षरं. इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत आम्ही पडलो आहोत. फाइल वर्डमध्ये उघडू नका, तो लाल रेघा मारतो आणि मधेच स्वतःच्या मनाने सुधारणाही करतो. नोटपॅड वापरा. दुसरं, उतरवलेल्या प्रत्येक फाइलचं नाव 'सीक्वेन्स' असंच येतं, मग एक, दोन, तीन असे आकडे लागत जातात आणि तासाभराने कुठली कोणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. उतरवल्या क्षणी पीक, गाव आणि नोंदक्रमांक घालून नाव बदला. तिसरा खड्डा सगळ्यात मजेदार आहे, त्यासाठी एक खेळ सांगतो.

या कुळातल्या जवळजवळ सगळ्या विषाणूंत नऊ अक्षरांचा एक तुकडा जसाच्या तसा असतो: टी ए ए टी ए टी टी ए सी. विषाणूची नक्कल काढायला सुरुवात होते ती याच ठिकाणी चीर पाडून. मुलांना म्हणा, शोधा. ती कंट्रोल आणि एफ दाबून शोधतील, आणि बऱ्याच फाइलींत काहीच सापडणार नाही. "सर, आमच्यात नाहीये." आता व्हरांड्याचा उपयोग करा. अक्षरं मोठ्या ठशात छापून घ्या, पट्ट्या कापा, एकापुढे एक चिकटवा आणि शेवटचं टोक पहिल्याला जोडून बांगडी करा. नऊ अक्षरं नेमकी जोडावर दिसतील. गोल डीएनए फाइलमध्ये लिहायचा तर कुठेतरी कापावा लागतो, आणि शास्त्रज्ञांचा रिवाज असा की तो त्या चिरेच्या जागीच कापायचा. म्हणून पहिली सात अक्षरं फाइलच्या शेवटी जातात आणि उरलेली 'ए सी' सुरुवातीला येतात. संगणकाला बांगडी दिसत नाही, त्याला फक्त ओळ दिसते. ज्या फाइली दुसऱ्या ठिकाणी कापलेल्या असतात त्यांतही तुकडा दोन ओळींत विभागला गेला असेल तर शोध फसतो.

नववीतली एक मुलगी त्या दिवशी बांगडीच्या आत उभी राहून म्हणाली, "म्हणजे संगणक चुकला नाही, आपण चुकीचं विचारलं." मी तो शनिवार तिथेच संपवला.

चौथा शनिवार: ब्लास्ट

ब्लास्ट हे १९९० पासूनचं साधन. आपण अक्षरं द्यायची, ते साठ्यातल्या सगळ्या नोंदींशी ताडून सगळ्यात जवळची कोणती ते सांगतं. तुम्ही आदल्या रात्री चार फाइली तयार करा, नावाची ओळ पुसून: भेंडी, टोमॅटो, मूग आणि पपई यांच्या विषाणूंच्या. प्रत्येक गटाला एक निनावी फाइल. न्यूक्लिओटाइड ब्लास्टमध्ये चिकटवा, बटण दाबा, थांबा. मिनिटभरात यादी येते. पहिल्या ओळीवर शंभर टक्के साम्य बघून टाळ्या पडतील. तो आपलीच फाइल आपल्याला सापडल्याचा आनंद असतो, हे हळूच सांगा.

तीन आकडे वाचायला शिकवा. 'आयडेंटिटी' म्हणजे जुळलेल्या भागात किती टक्के अक्षरं सारखी, जे आपण वहीत केलं तेच. 'क्वेरी कव्हर' म्हणजे आपल्या पूर्ण ओळीचा किती भाग जुळणीत आला. या दोन्हींची जोडी सोडू नका. ९९ टक्के साम्य पण कव्हर फक्त ५ टक्के, याचा अर्थ पत्रिकेतला एक गुण जुळला आणि मंडप घातला. तिसरा 'ई व्हॅल्यू': एवढ्या मोठ्या साठ्यात इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल याचा अंदाज. जितका लहान तितकं बरं. मुलांना शून्य दिसलं की ती नापास झाल्यासारखी तोंडं करतात. इथे शून्य म्हणजे उत्तम.

काहीच सापडलं नाही तर घाबरू नका. हे साधन आपणहून 'अगदी सारख्या' नोंदी शोधण्यावर लावलेलं असतं. पर्याय बदलून 'थोड्याफार सारख्या' वर ठेवा आणि पुन्हा चालवा.

पपईवाला गट मधेच हात वर करेल, कारण त्यांची फाइल दहा हजारांहून लांब आहे. पपईच्या रिंगस्पॉट रोगाचा विषाणू आरएनएचा, वेगळ्याच कुळातला आणि माव्यामार्फत पसरणारा. मग फाइलमध्ये यू ऐवजी टी का? कारण साठ्यात आरएनएसुद्धा टी वापरूनच लिहितात, निव्वळ सोयीसाठी. मूगवाल्यांना मी मुद्दाम दुसरा तुकडा देतो. मुगाच्या पिवळ्या मोझॅकच्या विषाणूचे दोन वेगळे डीएनए असतात, दोन बांगड्या. भेंडीच्या विषाणूशी ताडलं तर दुसरी बांगडी फारशी कुठे लागत नाही, आणि गट बुचकळ्यात पडतो. पडू द्या, पंधरा मिनिटं.

वेळ उरला तर 'ओआरएफ फाइंडर' उघडा. अक्षरं चिकटवली की कुठे जनुक असू शकतं ते बाणांनी दाखवतं. किमान लांबी ३०० वर ठेवा, नाहीतर बाणांचा पाऊस पडतो. काही बाण उजवीकडे, काही डावीकडे. दुसऱ्या शनिवारची उलटसुलट वाचनाची कटकट कशासाठी होती ते आता दिसतं. उजवीकडच्या बाणांपैकी सुमारे अडीचशे अमिनो आम्लांचा जो आहे तो विषाणूच्या कवचाचं प्रथिन. डावीकडचा सगळ्यात लांब बाण नक्कल काढायला लागणाऱ्या प्रथिनाचा.

पाचवा शनिवार: ९१ टक्क्यांची रेघ

मला विचाराल तर सगळ्या उपक्रमाचा गाभा हा दिवस. दोन विषाणू एकाच जातीचे की वेगळ्या, हे ठरवायचं कसं? बेगोमोव्हायरसांसाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने रेघ आखली आहे: पूर्ण लांबीचं साम्य माहीत असलेल्या सगळ्या जातींशी ९१ टक्क्यांहून कमी असेल तर नवी जात. एकाच जातीतले उपप्रकार ९४ वर वेगळे होतात. २०१५ च्या आधी ही रेघ ८९ वर होती.

प्रत्येक गटाने आठ पूर्ण नोंदी जमवायच्या: चार भेंडीच्या, शक्यतो वेगवेगळ्या राज्यांतल्या, दोन टोमॅटोच्या लीफ कर्लच्या (पानं मुरडण्याच्या रोगाच्या), एक कापसाच्या लीफ कर्लची, एक मुगाची पहिली बांगडी. सगळ्या एकाच नोटपॅड फाइलमध्ये एकाखाली एक, प्रत्येकीची नावाची ओळ ठेवून. चिकटवण्याआधी प्रत्येक ओळ त्या चिरेच्याच जागेपासून सुरू होते ना ते पाहा. एखादी दुसरीकडे कापलेली असेल तर तिची सुरुवात कापून शेवटी जोडा. हे विसरलात तर साम्य एकदम घसरतं आणि मुलांना नवी जात सापडल्याचा साक्षात्कार होतो. आमच्याकडे झाला होता, मुख्याध्यापकांपर्यंत पेढ्यांची गोष्ट गेली होती.

फाइल ईबीआय या युरोपीय संस्थेच्या क्लस्टल ओमेगा या, एकाच वेळी अनेक ओळी जुळवणाऱ्या मोफत साधनात टाका. निकालासोबत टक्क्यांचा तक्ता मिळतो, गावांमधल्या अंतरांच्या तक्त्यासारखा. तो मोठ्या कागदावर उतरवा. ९१ च्या वरचे चौकोन पिवळे, खालचे कोरे. भेंडीच्या चारही नोंदी एकमेकींत पिवळ्या आल्या का? नसतील तर नोंदीचं नाव पुन्हा वाचा, कारण भेंडीवर एकाहून जास्त जातींचे बेगोमोव्हायरस सापडले आहेत. आणि एखादी जोडी ९०.८ वर अडकली तर? मागच्या वर्षी यावर चाळीस मिनिटं भांडण झालं. एक बाजू म्हणे नियम म्हणजे नियम, दुसरी म्हणे ०.२ टक्क्यांसाठी भाऊ वेगळे करायचे का. मी मधे पडलो नाही. फक्त एवढं विचारलं, की ३५ गुणांना पास, हे कुणी ठरवलं?

ब्लास्टचे टक्के आणि या तक्त्याचे टक्के जुळत नाहीत, अशी तक्रार येईल. वहीतला रिकाम्या चौकटीचा वाद काढून दाखवा. शिवाय ब्लास्ट जुळणाऱ्या तुकड्यांपुरतं बोलतो. जातीचा निर्णय पूर्ण लांबीवर होतो, त्यामुळे निकाल तक्त्याचा धरायचा.

हुशार गटासाठी एक जादा काम. भेंडीच्या एका फाइलचे दोन भाग करून दोन्हींचा वेगवेगळा ब्लास्ट करा. जवळचा नातेवाईक दोन्हींत एकच येतो का? दोन विषाणू एकाच झाडात भेटले तर त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि या कुळात ती बरीच होते.

वंशवृक्ष काढायचा मोह होईल. काढा, त्याच साधनात तयार मिळतो, पण फार वेळ घालवू नका. एकच गोष्ट सांगा: दोन नावं कागदावर वरखाली लागून आहेत म्हणून जवळची नसतात, त्यांच्या फांद्या कुठे मिळतात ते पाहायचं.

सहावा शनिवार: कारण सापडलं का?

मुलं आता म्हणतील, झालं, हळद्या या विषाणूमुळे होतो. तेव्हा ही हकिकत सांगा. विषाणूची अक्षरं माहीत झाल्यावर मदुराई कामराज विद्यापीठात जोस आणि उषा यांनी त्याचा डीएनए निरोगी भेंडीत घातला. पानं थोडी वळली, पण पिवळ्या शिरांची जाळी काही आली नाही. मग रोगट झाडांत सापडणारा एक छोटा डीएनए सोबत घातला, आणि हळद्या उमटला. हे प्रसिद्ध झालं २००३ साली. १९२४ पासून मोजा. त्या छोट्या डीएनएला बीटा-सॅटेलाइट म्हणतात. लांबी विषाणूच्या निम्मी, सुमारे १,३५० अक्षरं, जनुक फक्त एक. स्वतःची नक्कल त्याला काढता येत नाही, विषाणूच्या यंत्रणेवर ते जगतं, आणि मोबदल्यात झाडाची प्रतिकारशक्ती लुळी पाडतं.

मुलांनी ते साठ्यात शोधून उतरवावं, ती नऊ अक्षरं त्यातही आहेत का बघावं (जोड विसरू नका), आणि विषाणूशी ताडून पाहावं. साम्य जवळजवळ नाहीच. म्हणजे नुसत्या विषाणूचं साम्य बघत बसणाऱ्याला ते कधीच भेटलं नसतं. पहिल्या शनिवारच्या दहा उत्तरांची यादी फळ्यावर पुन्हा लिहा आणि कुठलं उत्तर कशाच्या आधारे खोडता येतं ते मुलांकडून वदवून घ्या. दोन-तीन उत्तरं खोडता येणार नाहीत. ती तशीच ठेवा.

प्रकल्प म्हणून लिहायचं असेल तर प्रश्न लहान ठेवा. 'महाराष्ट्रातून आलेल्या भेंडीच्या पूर्ण नोंदी किती, त्या कुठल्या वर्षांतल्या, आणि त्यांचं एकमेकींशी साम्य किती?' एवढा पुरतो. आपल्या मळ्यातले आकडे आणि साठ्यातली अक्षरं एकाच अहवालात आली तरी वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवा. ती पानं आपण वाचलेली नाहीत. 'आम्ही शोध लावला' हे वाक्य दिसलं की मी लाल पेन काढतो.

ज्यांना गोडी लागेल त्यांना पुढे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू द्या. पहिला प्रोग्रॅम म्हणून बांगडीच्या जोडावरची नऊ अक्षरं शोधायला सांगा. दहा ओळींत होतो. बारावीनंतरचं कुणी विचारलं तर पुणे विद्यापीठात १९८७ पासून बायोइन्फर्मेटिक्स केंद्र आहे, विषाणूंच्या जीनोमचा 'व्हिरजेन' हा डेटाबेस तिथेच तयार झाला. एकदा सहल काढायला हरकत नाही, आधी पत्र लिहून.

शेवटचं काम कारकुनी आहे, पण ते टाळू नका. प्रत्येक शोधाची तारीख, टाकलेले शब्द, आलेल्या नोंदींची संख्या आणि वापरलेले नोंदक्रमांक एका वहीत लिहून ती शाळेत ठेवा. साठा रोज वाढतो, त्यामुळे तोच शोध पुढच्या जुलैत वेगळी यादी देईल. आमच्या वहीत तीन तुकड्यांची पानं झाली आहेत. नवी मुलं आली की आधी जुन्या पानावरचे शब्द टाकून बघतात, आणि यादीत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं का ते शोधतात.